वाटेवरच्याचं ताट

१

नव्या शहरात उतरलं की फुमिका आधी कपडे धुवायचं दुकान शोधायची. किल्ला, देऊळ, बाग, सगळं मागाहून. अंगावर एक आणि सॅकमध्ये एक, असे दोनच जोड घेऊन ती घरातून निघाली होती. त्यामुळे संध्याकाळ झाली की नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या त्या उकडत्या खोलीत बसायचं, आपलेच कपडे गरगर फिरताना बघायचे आणि तेवढ्यात आईला फोन उरकून घ्यायचा, असा तिचा नेम होऊन बसला होता.

समुद्राकाठच्या तिच्या गावातला, इसोमीतला, माशांच्या वड्यांचा कारखाना उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद पडला. शाळा सुटल्यापासून तिथं उभ्यानं वड्या कापता कापता फुमिकाची पस्तिशी आली होती. निरोप देताना कारखान्यानं सगळ्यांच्या हातावर थोडे पैसे आणि एकेक पांढरा पंचा ठेवला. तिनं विचार केला, आत्ता नाही तर कधी. आणि सुट्टीतलं ते स्वस्त तिकीट काढलं, ज्यावर फक्त पॅसेंजर गाड्यांत बसता येतं. मात्सुए, तोत्तोरी, हिमेजी. गाडी दर स्टेशनाला थांबायची, आणि लहर लागली की स्टेशन नसलं तरी थांबायची. निजायला एका खोलीत पडद्याआड ओळीनं पलंग असतात, तसली जागा. खायला दुकानातला भाताचा गोळा.

आईनं, म्हणजे तोशिएनं, पहिल्याच संध्याकाळी तिचं ताट मांडलं. त्या किनाऱ्यावर वाटेवर असलेल्या माणसाचं ताट घरी मांडतात. त्याच्या नेहमीच्या जागी, भात, सार, मासा, लोणचं, जसं तो समोर बसलाय. साराच्या वाटीवर झाकण. घरच्यांची जेवणं झाली की झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरलेले असले की माणूस सुखरूप. मग ते अन्न घरातल्यांनीच संपवायचं. वडील मासेमारीला, माखल्यांच्या होडीवर जायचे तेव्हा आई हे करायची. ते गेल्यापासून घरातून कुणी लांब गेलंच नव्हतं, म्हणून ताट माळ्यावर होतं, इतकंच.

हिमेजीत कपडे सुकवायच्या यंत्रानं नाणी गिळली आणि गार वारा सोडत बसलं. फुमिका त्याला गुडघ्यानं ढोसत होती तेव्हाच आईनं फोन उचलला.

"भरपूर थेंब होते हो आज," आई म्हणाली.

"बरं झालं."

"कधी येणार?"

"काल सांगितलं ना आई."

"काल काय सांगितलंस?"

"ओबोनच्या सणाच्या आधी."

"म्हणजे कधी?"

"आई, कपडे ओले आहेत, यंत्र बंद आहे, मला आत्ता नाही सांगता येत."

"मी कुठं काय म्हणते. तू फीर. वांगी केली होती, तुझ्या आवडीची. ठेवली तुझ्या जागेवर. गार झाली. मी आपली बघत बसले. दोन माणसांचं घर, त्यात एक बाहेर, म्हणजे काय उरतं सांग." जरा थांबून पुन्हा तेच. "कधी येणार?"

फुमिकाच्या मस्तकात तिडीक गेली. "मी आलेच आहे असं समज आणि जेव. उद्यापासून रोज तसंच समज. म्हणजे तुझं विचारणं तरी थांबेल."

आईला राग आला असावा असं तिला वाटलं. पण आईचा आवाज आला तो अगदी साधा, बाजारात मुळा मिळाला म्हणून सांगावं तसा.

"बरं," आई म्हणाली. "ये मग."

२

क्योतोला पोचल्यावर तिनं नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून फोन लावला. उत्तर तयारच ठेवलं होतं: आई, आठवड्याभरात. आठवडा म्हणजे आठवडा, घासाघीस करायची नाही.

आईनं विचारलंच नाही.

हवेबद्दल बोलली. शेजारच्या कुनीए काकूंनी बांगडे वाळत टाकलेत, मांजरं मागं लागलीत, ते सांगितलं. मग म्हणाली, "आज वांग्याचं सालसुद्धा टाकलं नाहीस. बरं वाटलं."

"म्हणजे तू संपवलंस."

"मी माझं जेवले. तुझं तू."

फुमिका हसली. आईचा राग हा असा, साखरेत घोळून येणारा. ठीक आहे, तिनं मनाशी म्हटलं, बोल टोमणे. पण तो एक प्रश्न आला नाही, ह्याचंच तिला इतकं हलकं वाटलं की तिनं त्या संध्याकाळी गोळा सोडून चक्क शेवयांचा मोठा वाडगा मागवला आणि तळाचं सूपही पिऊन टाकलं.

राहायच्या जागी येऊन पलंगाचा पडदा ओढला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याला भूक लागली आहे.

३

ती भूक काही जाईना. सकाळी दोन गोळे खाल्ले, दुपारी पावाची स्वस्तातली पिशवी संपवली, पोट जड झालं, टम्म झालं, आणि आतून मात्र कुणीतरी रिकाम्या डब्यात बोट फिरवावं तसं खरवडणं चालूच. फुमिका वैतागली. प्रवासाचं सगळं गणित खाण्यावर हात आखडून मांडलेलं. आता किल्ल्याच्या तिकिटाचे पैसे पोटात चालले होते, आणि पोट आभारही मानत नव्हतं. ऊन आहे, चालणं फार आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. नागोयात सार्वजनिक न्हाणीघरातल्या आरशात पाहिलं तर गालफडं बसलेली. शेजारी अंग चोळणारी बाई कौतुकानं म्हणाली, "काय छान सडपातळ आहात हो. काय खाता?"

"सगळं," फुमिका म्हणाली.

त्यांच्या घरी फोन आतल्या अरुंद बोळात होता, जुना, वायरीचा. तो कानाला लावून आई उभी असली की तिच्या पाठीमागं स्वयंपाकघराचं दार येतं. त्या घरात जन्म गेलेल्या माणसाला आवाजावरून सगळं दिसतं. त्या संध्याकाळी धुलाईच्या दुकानातून फोन लावला तेव्हाही आई बोळात आहे, नळ मिटलेला आहे, टीव्ही बंद आहे, हे फुमिकाला दिसत होतं. आणि तेवढ्यात आईच्या पाठीमागून एक आवाज आला. लाकडी वाटीवर लाकडी झाकण अलगद ठेवल्याचा. टक.

"आई, आत काय वाजलं?"

"काय वाजलं?"

"झाकण."

"झालं असेल जेवून," आई म्हणाली. मग फोनवर हात धरून, पण नीट न धरता, मागं वळून म्हणाली, "हो हो, चहा आणते. बस तू."

"आई. आत कोण आहे?"

"आपल्या घरात कोण असणार बाई? आपणच दोघी."

फोन ठेवल्यावर फुमिका कितीतरी वेळ त्या यंत्रांसमोर बसून राहिली. तिचे कपडे केव्हाच सुकून गप्प झाले होते. मामीचं असंच सुरू झालं होतं, तिनं आठवून पाहिलं. मामी आधी चहात मीठ घालायला लागली, मग गेलेल्या नवऱ्याशी पत्ते खेळायला. आईचं वय झालं. एकटी आहे, वडिलांच्या फोटोला चहा नेऊन ठेवत असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. पटलंही. फक्त, वडिलांच्या फोटोनं झाकण कसं ठेवलं, तेवढं राहिलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं कुनीए काकूंना फोन लावला. काकूंचं सुकटीचं दुकान आणि फुमिकाचं अंगण ह्यांत एक बुटकी भिंत. गावात काही व्हायचं असलं की आधी त्या भिंतीला कळायचं.

"काय गं," काकू म्हणाल्या, "भिंतीपलीकडून फोन करतेस? उठून यायला पाय मोडले का?"

"काकू, मी नागोयात आहे."

"नागोयात?"

"फिरायला आलेय. आईनं सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मग आलीस ना परत." काकूंच्या तोंडात काहीतरी चघळणं चाललं होतं. "आत्ता तर कपडे वाळत घालत होतीस. मी हाक मारली, पाठमोऱ्यानंच मान हलवलीस. मनात म्हटलं, बाईसाहेब शहरं बघून आल्या, आता आम्हाला तोंड कशाला दाखवतील."

"तोंड बघितलंत तुम्ही तिचं?"

"ह्या डोळ्यांनी? मोतीबिंदू पिकून त्याचा आंबा झालाय. डॉक्टर म्हणतो कापू, मी म्हणते माझं दुकान तू सांभाळशील का. पण चाल तुझीच गं. डावा पाय आत टाकतेस, बदकासारखा. लहानपणापासून बघतेय."

"आणि आई?"

"तोशिए? खूश आहे की. तू गेल्यावर तोंड पडलं होतं बिचारीचं. आता गुणगुणते. काल दोघींपुरता बांगडा घेऊन गेली, वर भाव पाडून."

"काकू, एकदा आत जाऊन बघून याल? माझ्यासाठी."

चघळणं थांबलं. "हे बघ फुमिका, म्हातारीची थट्टा करायला सकाळची वेळ सापडली का तुला? गिऱ्हाईक उभं आहे."

फोन बंद झाला. काकूंना दिसत नाही, फुमिका स्वतःला म्हणाली. आईनं मदतीला कुणी बाई ठेवली असेल. कुणाला तरी आत घेतलं असेल, एखाद्या लबाडाला, घरावर डोळा ठेवून आलेल्याला. तिला तसंच काही असावं असं वाटायला लागलं. लबाड माणूस असलं तर त्याला पोलीस असतात.

५

संध्याकाळी आई फोनवर फार लगबगीत होती.

"परवा लाल भात करतेय," म्हणाली. "लाल चवळी भिजत घालायला हवी. माणूस सुखरूप घरी आलं की करतात ना. तो झाला की ताट धुवून पुसून माळ्यावर. घरचं माणूस घरात असताना वाटेवरच्याचं ताट मांडून ठेवणं बरं नव्हे."

फुमिकाच्या पोटातलं ते खरवडणं एकदम थांबलं, कान टवकारल्यासारखं.

लहानपणी त्यांच्या आळीत एक कोळी होता. वादळात गेला, होडी मिळाली, तो मिळाला नाही. त्याच्या बायकोनं कितीतरी दिवस ताट मांडलं. मग एक दिवस सासूनं ते उचलून ठेवलं. त्यानंतर त्या माणसाबद्दल कुणी, तो येईल, असंही म्हणालं नाही आणि, तो गेला, असंही म्हणालं नाही. त्याच्याबद्दल बोलणंच संपलं. लहानग्या फुमिकानं आईला विचारलं होतं, मग आता तो काय खाईल? आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

"आई, ताट उचलू नकोस," ती म्हणाली. "ऐकतेस? मी आलेली नाही. मी अजून वाटेवर आहे. जे कोण घरात आहे ती मी नाही."

आईनं फोन दुसऱ्या कानाला घेतल्याचं ऐकू आलं.

"आई, मी बोलतेय. मी."

"अस्सं," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात एक परकी, सावध गोडी आली. दारावर काही विकायला आलेल्या माणसाशी ती तसं बोलायची. "बाई, पोलीस चौकीतून आम्हाला सगळं समजावून गेलेत. फोनवर कुणी मी बोलतेय, तुमची मुलगी बोलतेय, अडचणीत आहे, असं म्हणालं की ठेवून द्यायचा. आवाजसुद्धा हुबेहूब काढतात म्हणे."

"आई, पैसे मागतेय का मी?"

"आधी नाहीच मागत, तेही सांगितलंय."

"काहीही विचार मला. मामीचं नाव विचार. माझ्या पाठीवरचा डाग विचार."

"कुणाची तरी लेक असशील," आई मऊपणे म्हणाली. "असली कामं करू नयेत गं. घरी जा."

आणि तिनं फोन ठेवला. फुमिकानं पुन्हा लावला, पुन्हा लावला. हेही पोलिसांनीच शिकवलं असणार: एकदा ठेवला की उचलायचा नाही.

६

घरी जा म्हणणं सोपं. ओबोन, पितरांचा सण, तोंडावर आलेला, अख्खा देश आपापल्या गावी निघालेला. नागोयाहून जलद गाडीनं जावं तर हातात तेवढे पैसे उरले नव्हते; भुकेनं खाऊन टाकले होते. पॅसेंजर गाड्यांत पोरं, कलिंगडं, भेटीचे डबे, आणि त्या सगळ्यांत सॅक पोटाशी धरून ती उभी. माइबारा, हिमेजी, ओकायामा. दर ठिकाणी गाडी बदलायची, दर ठिकाणी जिना चढून पळायचं, आणि दर ठिकाणी दार तिच्या नाकासमोर मिटायचं. ओकायामात रात्र काढून सकाळी डोंगरातली गाडी धरली. तिथं पाऊस लागला. आधी गाडी हळू झाली. मग एका बोगद्याच्या अलीकडे उभी राहिली.

गाडीचा माणूस टोपी काढून डब्यात आला, वाकला, म्हणाला की गाडीला हरीण धडकलं आहे, तपासणी चालू आहे, फार फार दिलगीर आहोत.

"हरणाला काय झालं?" एका आजोबांनी विचारलं.

"पळालं."

"म्हणजे ते आपल्या आधी घरी पोचणार," आजोबा म्हणाले. डबा हसला. फुमिकाला त्या आजोबांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

पुढच्या मोठ्या स्टेशनावर तिनं ठरवलं की जेवढे पैसे उरलेत तेवढे घालू, पण जलद गाडीत बसू. खिडकीतल्या मुलीनं फलकाकडे हात केला. दरडीची भीती आहे, पाऊस ओसरेपर्यंत जलद, सावकाश, सगळ्याच बंद. बस? बस त्याच रस्त्यानं जाते. टॅक्सी? मुलीनं इतका मोठा आकडा इतक्या नम्रपणे सांगितला की फुमिकानंच तिची माफी मागितली.

प्रतीक्षागृहात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिनं घरी फोन लावला. नुसता लावत राहायचा, एवढंच हातात होतं. छपरावर पाऊस, कोपऱ्यात पेयांच्या यंत्राची घरघर, आणि कानात ती घंटा, बोळात वाजणारी. आई आता चवळी शिजवत असेल. आता तांदूळ धूत असेल.

फोन उचलला गेला.

"आई," फुमिका म्हणाली.

पलीकडे कुणी बोललं नाही. फक्त बोलण्याआधी करतात तसा एक बारीक आवाज झाला, घशातल्या घशात, अं असा. फुमिकाला स्वतःला तशी खोड होती. कारखान्यातल्या बायका त्यावरून तिची नक्कल करायच्या, फुमिका बोलणार, सावध व्हा, म्हणून.

तो अं ऐकून ती थांबली. आता पुढं वाक्य येईल, ते माझ्याच आवाजात येईल, आणि मग मी काय करीन, असा विचार तिच्या मनात चालू असतानाच तिकडून फोन हळूच, अदबीनं ठेवला गेला.

आईच असेल, तिनं स्वतःला बजावलं. पावसानं घसा बसला असेल.

७

इसोमीला ती उतरली तेव्हा पाऊस थांबून समुद्रावर पिवळा उजेड उरला होता. तिच्याशिवाय कुणी उतरलं नाही. स्टेशनापासून घराकडे एकच रस्ता, एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला लाटा अडवायची भिंत. तो इतका अरुंद की समोरून माणूस आलं तर दोघांनीही जरा अंग चोरावं लागतं.

ती जवळजवळ पळत होती. अर्ध्या वाटेवर समोरून कुणी येताना दिसलं. बाई होती. पाठीला सॅक, तिच्यावर पावसाचं कव्हर, रुंद कडेची टोपी पुढं ओढलेली. ओबोनला सगळे येतात, तर ही आत्ता गावातून निघालीय कुठं, एवढंच फुमिकाच्या मनात आलं. बाई सावकाश, जड पावलांनी चालत होती, जेवण नीट झालेल्या माणसासारखी.

जवळ आल्यावर दोघींनी अंग चोरलं. दोघींनी किंचित मान लववली. वाटेवरचं माणूस वाटेवरच्या माणसाला देतं तेवढा मान. टोपीच्या कडेखाली फुमिकाला हनुवटी दिसली, आणि गळ्यात टाकलेला पांढरा पंचा. कारखान्याचा. पण तो तर गावात घरोघर होता. निम्मं गाव तिथं कामाला होतं.

बाई गेल्यावर मागं एक वास राहिला. डासांच्या उदबत्तीचा, जुन्या चटईचा, आईच्या मुळ्याच्या लोणच्याचा. फुमिकाला तो लगेच कळला नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतो?

कळला तेव्हा ती वळली. बाई बरीच पुढं गेली होती. उजेड तिच्या पलीकडे होता, त्यामुळे नुसता आकार दिसत होता, सॅकचा आणि पायांचा. डावा पाय आत पडत होता का? पडत असेल. ओल्या रस्त्यावर कुणाचाही पडेल. फुमिका बघत राहिली. हाक मारावी असं तिला वाटलं, पण कुठल्या नावानं मारायची, ते सुचेना.

८

दार आईनंच उघडलं. परक्या दारात आलेल्या माणसासारखी फुमिका उंबऱ्यात उभी, भिजलेली, डोळे खोल गेलेले.

"आलीस?" आई म्हणाली. "पाय पूस आणि बस. भात आत्ताच उतरवलाय."

इतकंच. फुमिकाला रडू फुटलं. तिनं बोळ बघितला, दोन्ही खोल्या बघितल्या, कपाट उघडून बघितलं. कुणी नव्हतं. ताट माळ्यावर गेलेलं नव्हतं, फळीवर होतं, कोरडं. वेळेत पोचले, तिच्या मनात आलं, आणि तिनं सॅक खाली ठेवली.

"फोनवर मला ओळखलं नाहीस तू," ती जेवायला बसता बसता म्हणाली.

"फोनवर कुणाचा आवाज कळतोय? हल्ली सगळेच सारखे वाजतात. पोलीस म्हणाले त्यात काय खोटं आहे?"

"मग काकू म्हणत होत्या…"

"कुनीएला बांगडा आणि बूट ह्यांतला फरक दिसत नाही. खा तू."

लाल भात वाफाळत होता, वरून तीळ आणि मीठ. पहिल्या घासाला पोटातलं ते खरवडणं गप्प झालं. तिसऱ्या घासाला तिला चक्क भरल्यासारखं वाटलं. ती खात राहिली आणि आई तिच्याकडे बघत राहिली, डोळे भरून. घर तेच. नळाचा थेंब तोच. मनाचे खेळ, फुमिका मनाशी म्हणाली. ऊन, भूक, एकटेपणा. एकट्या माणसाला काय काय सुचतं.

मग तिच्या ध्यानात आलं की आईनं आपल्याला भिंतीकडच्या बाजूला बसवलंय. तिथं पाहुण्याला बसवायचे. तिची स्वतःची जागा खिडकीशी होती, ती समोर रिकामी.

आई उठली. फळीवरचं ताट घेतलं. भात वाढला, सार वाढलं, बांगड्याचा मधला तुकडा ठेवला, मुळ्याचं लोणचं कडेला. वाटीवर झाकण ठेवलं. आणि ते सगळं नेऊन खिडकीशी मांडलं.

"हे कुणाचं?" फुमिकानं विचारलं.

"आत्ताच निघाली की. तुला वाटेत भेटली असेल, रस्ता एकच आहे." आईनं ताटाजवळच्या जेवायच्या काड्या सरळ केल्या. "म्हणाली, एवढे दिवस घरात बसून कंटाळा आला, मीही जरा फिरून येते. मी म्हटलं, जा. आता वाटेवर आहे तर उपाशी कशी ठेवायची?"

फुमिकानं हात पुढं केला. काय करायचं हे तिचं ठरलेलं नव्हतं. ते ताट ओढून घ्यावं, त्यातलं सगळं आपण खाऊन टाकावं, निदान झाकण तरी उचलावं. आईनं तिचा हात धरला. हलक्या हातानं, पण धरला.

"ते तुझं नाही," आई म्हणाली. "तुला वाढलंय ना."

बाहेर स्टेशनाच्या बाजूनं गाडीचा आवाज आला, दर ठिकाणी थांबणाऱ्या त्या गाडीचा, आणि डोंगराकडे विरत गेला.

"आई," फुमिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "कधी येणार म्हणाली ती?"

"मी विचारलं नाही. विचारलं की तुम्हाला राग येतो." आईनं तिच्या वाडग्यात आणखी भात घातला आणि वरून दाबून बसवला. "येईल सावकाश. आली की मग तू हवं तर पुन्हा निघ, मी काही अडवणार नाही. दोघींपैकी एक घरात असली की मला पुरे."